सागाच्या उभ्या खोडातला वाघोबा: जव्हार पट्ट्यातल्या एका रस्त्याकडेच्या देवाचं परीक्षण

कोरीव काम उत्तम, माथ्यावरचा पत्रा कामचलाऊ आणि पायथा साफ चुकलेला. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या वाघोबाबद्दल थोडक्यात सांगायचं तर एवढंच. पण तेवढ्यावर भागणार नाही. रस्त्याच्या कामात मुळं तुटून वाळलेलं झाड तोडून नेण्याऐवजी त्यातच देव कोरून घ्यावा, असं ज्या गावांना वाटतं त्यांना या एका खोडाकडून खूप शिकता येईल. काय करावं हेही, काय करू नये हेही. पाड्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. ज्यांचा देव आहे त्यांना गर्दी नको आहे. परीक्षण लाकडाचं, हत्याराच्या कामाचं आणि देखभालीचं आहे. श्रद्धेला गुण देण्याचा प्रश्नच येत नाही.

आधी ज्यांना वाघोबा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या पट्ट्यात वारली, महादेव कोळी, कोकणा, ठाकर अशा समाजांचा हा देव. वाघ म्हणजे पट्टेरी आणि बिबट्या दोन्ही. पट्टेरी वाघ इथल्या जंगलातून गेला, बिबट्या राहिला, आणि देवाची जागा काही हलली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तीन जिल्ह्यांत मिळून वाघोबाच्या १५० ठाण्यांची नोंद झाली आहे. कुठे नुसता शेंदूर फासलेला दगड, कुठे कोरलेली शिळा, कुठे लाकडी फळी किंवा खांब. कोरलेल्या देवावर बहुतेक वेळा वाघ आडव्या अंगाने उभा आणि त्याच्या वर चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पूजा होते. गुराखी आणि गावकरी नारळ, कोंबडं वाहतात आणि गुरांना, माणसांना सांभाळ म्हणून मागणं घालतात.

साधारणपणे लाकडी वाघोबा म्हणजे कापून आणलेला, तासलेला आणि जमिनीत पुरलेला खांब. इथे तसं नाही. हे झाड जिथे वाढलं तिथेच उभं आहे. साग आहे, मुळं जमिनीत आहेत, वरचा विस्तार साडेसहा-सात फुटांवर कापला आहे, छातीच्या उंचीला खोडाचा व्यास पावणेदोन फुटांच्या घरात. एवढ्या जाडीचा साग रस्त्याकडेला आता सहजी दिसत नाही. समोरच्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे, साधारण दीड फूट उंच आणि फूटभर रुंद कोनाडा काढला आहे. त्याच्या आत वाघ, वर उजवीकडे सूर्य, डावीकडे चंद्रकोर. कोनाड्याच्या खाली खोड जसंच्या तसं, त्यावर दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये त्रिकोणांची रांग. बाकी काही नाही, आणि ते बरंच आहे.

कोरीव कामापासून सुरुवात करू, कारण मन भरून कौतुक करावं अशी ती बाजू आहे. सुतार जाणता आहे हे वाघाच्या शेपटीवरून कळतं. उभ्या खोडात लाकडाचे धागे उभे असतात. त्यात आडवी, बारीक आणि पुढे आलेली कुठलीही गोष्ट कोरली की ती धाग्याला आडवी जाते आणि पहिल्या धक्क्याला मोडते. नाकाचा शेंडा, पुढे काढलेला पंजा, मागे सरळ लांबवलेली शेपटी, ही मोडण्याची ठरलेली ठिकाणं. इथे शेपटी पाठीवरून वर उचलून गोंड्यापर्यंत उभी नेली आहे, म्हणजे धाग्याच्या दिशेनेच. पाय जाड आणि आखूड. चारही पाय खालच्या पट्टीला जोडलेले आहेत, मध्ये पोकळी सोडलेली नाही. कान डोक्याला चिकटून. परंपरेतला वाघ असाच असतो आणि लोक त्याला साधा किंवा बाळबोध म्हणतात. पण लाकडाच्या हिशेबाने बघितलं तर त्या प्रत्येक साधेपणामागे कारण आहे. हल्ली शोभेच्या कामांत यांत्रिक करवतीने कोरलेले जबडा वासलेले वाघ दिसतात. ते दिवाणखान्यात ठेवायला ठीक. उघड्यावर एका पावसाळ्यात त्या जबड्यात पाणी साचतं, दुसऱ्यात बुरशी धरते आणि पुढे खालचा जबडा हातात येतो.

दुसरी मोठी जमेची गोष्ट म्हणजे कोरण्याची खोली. वाघाचं अंग पार्श्वभूमीपासून पाऊण ते एक इंच वर आलेलं आहे, पट्टे चांगले बोटाचं पेर बसेल असे खोल. नवीन असताना हे काम भडक वाटलं असणार. पण हा देव शेंदराचा आहे. दर सणाला तेलात कालवलेला शेंदूर चढतो आणि तो खोलगट जागीच आधी बसतो. पाव इंच खोल कोरलेला वाघ काही वर्षांत नुसता लाल उंचवटा होतो. पट्टे, डोळे, दात सगळं बुजतं. हा अजून चार हात लांबून वाघ म्हणून ओळखू येतो. सुताराला काम सांगताना हे आधीच सांगायला हवं: शेंदूर धरून कोर. उंचवटा किमान पाऊण इंच, खाचा तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद, म्हणजे साफ करताना बांबूची काडी फिरते.

हत्यारांच्या खुणांवरूनही काम वाचता येतं. खालच्या भागात वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, लांबट घाव तसेच ठेवले आहेत, कोनाड्याच्या आत पटाशी, आणि वाघाच्या पोटाची गोलाई गोल पटाशीने काढलेली. सँडपेपर कुठेही मारलेला नाही, आणि हा निर्णय योग्य आहे. धारदार हत्याराने कापलेला पृष्ठभाग पाणी कमी पितो. घासून केलेल्या गुळगुळीत पृष्ठभागाचे धागे पावसात उभे राहतात आणि मळ धरतात.

आता भेगेबद्दल. उभं खोड वाळताना फाटणारच. लाकूड घेराच्या दिशेने जास्त आकसतं, केंद्राकडे कमी, आणि त्या फरकाचा ताण कुठेतरी सुटतो. प्रश्न एवढाच की तो कुठे सुटावा हे कोण ठरवणार. जुने जाणते सुतार कोरायला घेण्याआधी मागच्या बाजूने वरपासून खालपर्यंत करवतीने एक उभी खाच मारतात, जवळपास मधल्या कण्यापर्यंत. मग भेग तिथे उघडते आणि समोरचं काम वाचतं. इथे खाच मारलेली नाही, किंवा मारली असली तरी उथळ असावी, कारण मुख्य भेग डावीकडून आली आहे आणि चंद्रकोरीला छेदून गेली आहे. उन्हाळ्यात ती करंगळी जाईल एवढी उघडते, पावसाळ्यात जवळपास मिटते. नशिबाने वाघाच्या अंगापासून ती तीन बोटं दूर आहे.

कुणीतरी काळजीपोटी त्या भेगेत सिमेंट भरलं आहे. हे काढायला हवं. सिमेंट हलत नाही, लाकूड हलतं. पावसाळ्यात खोड फुगतं, भेग मिटू पाहते, मध्ये सिमेंटची पाचर. मग दुसरीकडे नवी भेग पडते. शिवाय सिमेंट आणि लाकूड यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. इपॉक्सीचं किंवा भुसा-फेव्हिकॉलचं लुकण भरलं तरी तेच. भेग अर्ध्या इंचाच्या आत असेल तर ती उघडीच ठेवावी, वर्षातून दोनदा कुंच्याने धूळ काढावी. त्याहून रुंद असेल तर सागाचीच बारीक, निमुळती पट्टी करून एकाच बाजूला सरस लावून बसवावी. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे लाकडाला फुगायला जागा राहते. हे काम मे महिन्यात करू नये, कारण तेव्हा भेग सगळ्यात जास्त उघडलेली असते आणि त्या मापाची पट्टी पावसाळ्यात उलट खोडालाच फाडते. पावसाळा संपून लाकूड अर्धवट वाळलेलं असतं तो काळ योग्य.

खोडाच्या मागच्या बाजूला गेलं की कामाचा दर्जा एकदम उतरतो. समोरून आणि दोन्ही कुशीतून साल आणि सालीखालचं पांढरट लाकूड पूर्ण तासून काढलं आहे, सोनेरी-तपकिरी गाभा उघडा केला आहे. मागे मात्र साल तशीच ठेवली आहे. जुनं झाड दिसावं म्हणून असेल किंवा मेहनत वाचवायला असेल, परिणाम एकच. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात आहे. बाहेरचं पांढरं लाकूड, सागाचं असलं तरी, किडीसाठी गोड खाऊ आहे. त्यात पिष्ट असतं. इथे सालीवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो आणि खाली चाळणीतून पडावं तसं बारीक पीठ पडतं. ते भुंग्याचं काम. छिद्रं टाचणीच्या डोक्याएवढी, म्हणजे पांढऱ्या लाकडातली साधी कीड. गाभ्यात ती सहसा शिरत नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण साल ओल धरून ठेवते आणि त्या आडून वाळवी वर चढते. मातीची पेन्सिलएवढी जाड नळी मागून चढत कोनाड्याच्या उंचीपर्यंत आलेली स्पष्ट दिसते.

उपाय सोपा आहे आणि तो आधी करायला हवा. साल उलथण्याने किंवा बोथट पटाशीने काढायची, पांढरं लाकूड एक-सव्वा इंच जे काही असेल ते गाभा लागेपर्यंत वाकसाने तासायचं. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण. १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून, कुंच्याने तीन-चार हात, प्रत्येक हात ओला असतानाच पुढचा. बोरॉन पावसात धुऊन जातं, म्हणून द्रावण पूर्ण वाळल्यावर, म्हणजे आठवडाभराने, वरून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन पातळ हात. जाड हात देऊ नये, चिकट राहतो. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप पेटते. पाण्यात बुडवून मग टाकावी. वाळवीसाठी खोडावर औषध मारून उपयोग नाही, ती जमिनीतून येते. खोडाभोवतीच्या मातीत चर काढून वाळवीचं औषध डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घालावं, तेही कोरड्या हवेत, आणि जवळ विहीर किंवा झरा नाही हे बघून. वाघोबासमोर कोंबड्या, गुरं फिरतात, प्रसाद खाल्ला जातो. औषध घातल्यावर वर सहा इंच नवी माती टाकल्याशिवाय जागा उघडी करू नये.

माथ्याला येऊ. कापलेल्या खोडाचं वरचं तोंड म्हणजे हजारो बारीक नळ्यांची उघडी टोकं. बाजूने पाणी लाकडात जितकं शिरतं त्याच्या कितीतरी पट ते वरून शिरतं. जव्हारसारख्या डोंगराळ गावात, जिथे वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो, तिथे उघडा माथा म्हणजे खोड आतून पोकळ होण्याची हमी. इथे पत्रा टाकला आहे हे चांगलं. पण तो थेट लाकडावर टेकवून वरून खिळे ठोकले आहेत. प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचं वर्तुळ आणि त्यातून सरळ आत जाणारी पाण्याची वाट. पत्र्याची कड खोडाच्या कडेबरोबरच संपते, त्यामुळे पागोळी खोडाच्या अंगावरून उतरते आणि नेमकी कोनाड्याच्या वरच्या ओठावर येते. तिथे काळपट-हिरवी रेघ पडली आहे.

नीट करायचं तर असं. माथा आडवा सपाट न ठेवता मागच्या बाजूला उतार द्यायचा, फुटाला दोन इंच. कापलेल्या तोंडावर गरम जवसाचं तेल, पीत राहील तोवर. त्यावर एक इंच जाडीच्या तीन लाकडी पट्ट्या, त्यांच्या वर पत्रा, म्हणजे मध्ये हवा खेळते. पत्रा समोरून किमान चार ते सहा इंच पुढे आणि बाजूंनी तीन इंच. कड खाली अर्धा इंच दुमडलेली, म्हणजे थेंब तिथून तुटून खाली पडतो, मागे फिरत नाही. स्क्रू पट्ट्यांमध्ये बसवायचे, खोडात नाही, आणि रबरी वॉशरसह. पत्र्याऐवजी नळे किंवा गवताचं शाकार केलं तर दिसायला फार सुंदर. पण शाकार दर एक-दोन वर्षांनी बदलायची तयारी हवी, आणि देवासमोर दिवा जळतो हे लक्षात ठेवायला हवं.

दिव्यामुळेच कोनाड्याच्या छताला बोटभर जाडीचा कोळसा झाला आहे. सागात तेल असतं, एकदा पेटला की विझवायला वेळ लागतो. दिवा, अगरबत्ती, कापूर यांची जागा कोनाड्याबाहेर. खोडापासून दोन फूट पुढे एक सपाट दगड रोवला की प्रश्न मिटला. नारळही त्याच दगडावर फोडावा. इथे तो खोडाच्या बुंध्याशी फोडतात, आणि गोड पाण्याने तिथे मुंग्या आणि बुरशी दोन्ही आल्या आहेत. कोनाड्याचा तळही आतल्या बाजूला उतरता आहे. तेल, पाणी, हळद-कुंकू सगळं मागच्या कोपऱ्यात साचून घट्ट लगदा झाला आहे. तो बांबूच्या चमच्याने काढून तळाला बाहेरच्या दिशेने उतार द्यायला पटाशीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

शेंदराबद्दल दोन गोष्टी. एक, शेंदूर म्हणून जे मिळतं ते बहुधा शिशाचा लाल ऑक्साइड असतं. लोखंडाला गंज लागू नये म्हणून जुन्या काळी लावायचे तोच पदार्थ. लाकडावर त्याचा थर पाणी अडवतो, कीडही दूर ठेवतो, म्हणून समोरच्या बाजूला तो फायद्याचा. पण तो विषारी आहे. लावल्यावर हात साबणाने धुवावेत, मुलांना लावायला देऊ नये, जुना थर कोरडा खरवडून धूळ उडवू नये. दोन, शेंदूर ज्या तेलात कालवतात ते गोडं तेल असेल तर थर कायम मऊ राहतो, त्यावर ट्रकची धूळ बसते आणि लाल देव वर्षात चॉकलेटी होतो. इथे तेच झालं आहे. जवसाच्या तेलात कालवला तर थर वाळतो, कडक होतो, पुढच्या वर्षी त्यावर स्वच्छ कपडा फिरवता येतो. पूजेला तिळाचंच तेल हवं असा आग्रह असेल तर सणाच्या दिवशी टिळ्यापुरतं तिळाचं आणि वर्षाचा लेप जवसाचा, अशी तडजोड पूजा करणाऱ्या भगताशी बोलून होऊ शकते. एक मात्र कटाक्षाने पाळावं: शेंदूर फक्त समोर. पूर्ण खोडाला चारी बाजूंनी फासला तर आतली ओल कोंडते. मागची बाजू उघडी राहिली तर खोड श्वास घेतं.

आणि आता पायथा, ज्यासाठी या कामाचे सगळ्यात जास्त गुण कापावे लागतात. खोडाभोवती चौकोनी सिमेंटचा चौथरा बांधून वर पांढऱ्या फरशा लावल्या आहेत. काँक्रीट थेट लाकडाला भिडवलं आहे. भक्तिभावाने केलंय, बसायला जागा झाली, चप्पल काढायला पायरी झाली, सगळं खरं. पण लाकूड कुजायला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल जमिनीत हवा कमी, उंचावर ओल टिकत नाही. दोन्ही एकत्र मिळतात ते जमिनीच्या वर-खाली सहा-सहा इंच. नेमका तोच पट्टा इथे काँक्रीटने झाकला. काँक्रीट आकसलं, खोड आकसलं, दोघांमध्ये दोरा जाईल एवढी गोल फट पडली, आणि आता वरून येणारं प्रत्येक पाणी त्या फटीतून खाली उतरून तिथेच बसतं. दाभण घेऊन फटीलगत तिरकं टोचलं तर पहिलं पाऊण इंच लोण्यासारखं जातं, मग घट्ट लागतं. म्हणजे गाभा अजून शाबूत आहे. पण मेलेल्या झाडाची मुळं तोपर्यंतच धरून ठेवतात जोपर्यंत ती कुजत नाहीत. बारीक मुळं आधी जातात, मग जाड. सात फुटी खोड, माथ्यावर वारा धरणारा पत्रा आणि समोर नमस्कार करणारी माणसं, हे गणित दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

तपासायची रीत अशी. लाकडी हातोड्याने खालून वर, दर चार बोटांवर हलकं ठोकत जायचं. घट्ट लाकूड टणक, वरच्या पट्टीत वाजतं, कुजलेलं भद्द. ज्या जागी आवाज बदलतो तिथे खडूने खूण. मग दाभण. मग दोन माणसांनी खांद्याच्या उंचीला हात लावून हलकं ढकलायचं आणि तिसऱ्याने पायथ्याशी डोळा ठेवायचा. फट उघडझाप करते का. करत असेल तर त्या पावसाळ्याआधी आधार द्यायलाच हवा. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर.

दुरुस्ती करायची तर चौथरा पाडायची गरज नाही. खोडाभोवती तीन इंचाची गोल पट्टी छिन्नीने फोडून काढायची, फूटभर खोल जायचं, कुजलेलं लाकूड तासून टाकायचं, उघडं लाकूड दोन आठवडे वाळू द्यायचं, बोरॉनचे हात द्यायचे आणि ती पोकळी २० मिलिमीटरच्या खडीने भरायची. माती नाही, वाळूही नाही, कारण दोन्ही ओल धरतात. फरशीचा उतार खोडापासून बाहेरच्या दिशेने हवा. इथे तो उलटा, आत आहे. आणि मुळं सुटायला लागली असतील तर मागच्या बाजूने, सालीच्या जागी, एक दगडी किंवा लोखंडी खुंट रोवून त्याला खोड दोन ठिकाणी पट्ट्याने बांधावं. गज पार खोडातून घालू नये. समोरून आधार दिसत नाही आणि देवाला हातही लागत नाही. खोड बुंध्यातून कापून दगडी बैठकीवर बसवणं हा लाकडाच्या दृष्टीने सगळ्यात पक्का उपाय, पण तो देवाला जागेवरून हलवणारा आहे. तो निर्णय सुताराचा नाही, पाड्याचा आणि भगताचा आहे.

नव्याने कोरून घेणाऱ्यांनी झाडाची जात आधी बघावी. जमिनीत अर्धं पुरलेल्या नमुन्यांच्या आयुष्यावरून भारतीय मानकात लाकडाचे तीन वर्ग केलेले आहेत: १२० महिने आणि वर टिकणारं पहिल्या वर्गात, ६० ते १२० दुसऱ्या, त्याखाली तिसऱ्या. सागाचा गाभा पहिल्या वर्गात. आंबा आणि सावर तिसऱ्या. रस्त्याकडेला वाळणारी झाडं पुष्कळदा आंब्याचीच असतात, आणि आंब्यात कोरायला सोपं जातं म्हणून मोह होतो. उभ्या आंब्याच्या खोडात देव कोरू नये. तो पाच वर्षांत खचतो आणि मग गावात अपशकुनाची चर्चा होते, जी टाळता आली असती. फणसाचा गाभा चांगला, वाळवीला दाद देत नाही, कोकणात देवळांच्या कामाला तो चालतोच. खैर टिकाऊ पण एवढ्या जाडीचा मिळत नाही आणि हत्यार बोथट करतो.

परवानगीचं टाळू नये. रस्त्याच्या हद्दीतलं झाड गावाचं नसतं, खोड ठेवण्यासाठीही संबंधित खात्याचं लेखी घ्यावं. साग, आंबा, फणस, खैर, ऐन, मोह ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आहेत. खासगी जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि लाकूड हलवायचं तर वाहतूक परवाना लागतो. सार्वजनिक रस्त्यावर नवं प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. म्हणून नवा वाघोबा रस्त्याच्या हद्दीबाहेर, गावठाणात किंवा ज्याची जमीन आहे त्याच्या संमतीने बसवणंच शहाणपणाचं. या खोडाचं तेच दुखणं आहे: रस्ता पुन्हा रुंद झाला तर पहिला नंबर त्याचा.

बघायला जाणाऱ्यांसाठी: गाडी वळणावर उभी करू नका, पुढे शंभर पावलांवर रुंद जागा आहे. चपला चौथऱ्याखाली. पूजा चालू असेल तर थांबा, फोटोआधी विचारा. प्लॅस्टिकचे हार आणि चमकी वाहू नका. त्यांच्याखाली ओल राहते आणि खोडावर काळे डाग पडतात. झेंडूचा हार वाहिला तर तो कुणी काढणार आहे ना, एवढं बघा.

कोरीव कामाला पाचपैकी साडेचार, लाकडाच्या निवडीला पाच, माथ्याला दोन, पाठीला दीड, पायथ्याला एक. यंदाच्या दिवाळीनंतर कोरड्या हवेत आधी साल आणि चौथऱ्याची गोल पट्टी, मग भेगेतलं सिमेंट, आणि होळीच्या आत पत्रा, या क्रमाने काम झालं तर सागाचा हा गाभा अजून पुष्कळ वर्षं उभा राहील. पत्र्याचं काम आधी करून पायथा पुढच्या वर्षावर टाकू नये. वरून पाणी थांबलं तरी खालचं कुजणं त्याने थांबत नाही.